जमीन कुठे जाते?



घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, अशी आपल्याकडची जुनी म्हण आहे. ज्याने ती प्रथम उच्चारली त्याच्या डोळ्यांपुढे राहते घर होते. चुना, लाकूड, गवंडी, सुतार आणि शेजाऱ्याची भिंत यांच्याशी झगडून माणूस शेवटी थकून ओटीवर बसतो, तो अनुभव या म्हणीत आहे. घर घ्यावे ते पाच वर्षांनी दुप्पट किमतीला विकण्यासाठी, ही कल्पना त्याच्या मनाला शिवलीही नसेल. आज मात्र कोणत्याही गावात चार माणसे एकत्र बसली की बोलणे फिरून फिरून जागेच्या भावावर येते. अमक्याने माळावर दोन गुंठे घेतले तेव्हा लोक त्याला हसले, आणि आता तिथे तीन मजली इमारत उभी आहे, अशी हकिकत कोणीतरी सांगतो. आणि हकिकतीच्या शेवटी एक ठरलेले वाक्य येते: "सोने चोरीला जाते, बँक बुडते, शेअर कोसळतो. जमीन कुठे जाते?"

या एका वाक्याची इतिहासाच्या आधारे परीक्षा करावी, एवढाच आजच्या व्याख्यानाचा हेतू आहे. जागेत पैसा घालणारा मनुष्य भाव कोसळण्याविषयी कसा विचार करतो, तो विचार कुठपर्यंत खरा ठरतो आणि कुठे दगा देतो, हे पाहण्यासाठी मी एकच किनारा निवडला आहे. मलबार टेकडीपासून कुलाब्यापर्यंत धनुष्यासारखा वळलेला मुंबईचा बॅकबे. या एकाच किनाऱ्यावर जागेच्या भावाची भरती आणि ओहोटी तीन वेळा आली. पहिली ओहोटी १८६५ साली, दुसरी १९२० नंतरच्या दशकात आणि तिसरी १९९५ नंतर. स्थळ एकच असल्यामुळे तुलना करणे सोपे जाते.

जमिनीत पैसा घालणाऱ्याचा विश्वास साधारणपणे चार खांबांवर उभा असतो. जमीन नाहीशी होत नाही, हा पहिला. नवी जमीन कोणी निर्माण करू शकत नाही, म्हणून मागणी वाढली की भाव चढलाच पाहिजे, हा दुसरा. शहर वाढतच राहणार, हा तिसरा. आणि चौथा असा, की भाव उतरलाच तर आपण थांबू, तो पुन्हा चढेल. ही चारही विधाने निव्वळ भ्रम आहेत असे मी म्हणणार नाही. प्रत्येकात बराच सत्यांश आहे. अर्ध्यामुर्ध्या सत्यावर विसंबून शहाणीसुरती माणसे कशी बुडतात, हेच तर आपल्याला पाहायचे आहे.

१८६१ च्या एप्रिलात अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण या प्रांतांत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि तिथला कापूस बाहेर पडेनासा झाला. इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्या मुख्यतः त्याच कापसावर चालत. आता त्या गिरण्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. खानदेश, वऱ्हाड आणि गुजरात इथला कापूस मुंबई बंदरातून जाऊ लागला आणि त्याचा भाव असा चढला, की लोकांनी गाद्याउशांतला कापूससुद्धा काढून विकला असे सांगतात. चार-पाच वर्षांत नेहमीच्या किमतीपेक्षा सुमारे सात कोटी पौंड अधिक मुंबईच्या पदरात पडले, असा त्या काळच्या जाणकारांचा अंदाज होता.

एवढा पैसा ठेवायचा कुठे? मुंबईतली पहिली कापडगिरणी निघून जेमतेम काही वर्षे झाली होती, आणि कारखानदारीत एवढ्या रकमेला वाव नव्हता. शहराची अडचण मात्र सर्वांना दिसत होती. कोटाच्या भिंतीआड माणसे दाटीवाटीने राहत होती. गोदीला जागा नव्हती, कापसाच्या गाठी ठेवायला जागा नव्हती, रेल्वेलाही जागा नव्हती. गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनी १८६२ साली सूत्रे हाती घेतल्यावर कोटाच्या भिंती पाडण्याचे काम सुरू झाले. माधवराव, केशवराव कोणीही मुंबईत पाऊल ठेवताच म्हणाला असता, की या शहराला जागा हवी आहे, आणि तीन बाजूंनी समुद्र असल्यामुळे ती समुद्रातूनच काढली पाहिजे. यात चूक काय होती? काहीच नव्हती. ही गोष्ट लक्षात ठेवावी अशी माझी विनंती आहे, कारण पुढच्या सर्व अनर्थाचा आरंभ एका बिनचूक निरीक्षणापासून झाला.

समुद्र हटवून जमीन करण्यासाठी कंपन्या निघाल्या. एल्फिन्स्टन, माझगाव, फ्रियर आणि सर्वांत गाजलेली बॅकबे. बॅकबे कंपनीने किनाऱ्यालगतचा समुद्र भरून काढावा, त्यातली पट्टी रेल्वेला द्यावी आणि उरलेली जमीन विकून नफा घ्यावा, अशी योजना होती. दुसरा खांब इथेच डळमळला होता, पण ते कोणाच्या ध्यानात आले नाही. नवी जमीन निर्माण होत नाही म्हणून भाव चढतो असे म्हणणारे लोकच, भाव चढला म्हणून नवी जमीन निर्माण करायला निघाले होते! भाव पुरेसा चढला की जमीन कुठून ना कुठून येतेच. कधी समुद्रातून, कधी खाडीतून, कधी शेतातून, कधी एका मजल्यावर दहा मजले चढवून.

बॅकबेचा शेअर ५,००० रुपयांचा होता. कंपनीतले ४०० शेअर मुंबई सरकारने घ्यावेत असे ठरले होते, पण हिंदुस्थान सरकारने ते मान्य केले नाही. १८६४ साली हे शेअर जाहीर लिलावाने विकले गेले, तेव्हा दर्शनी किमतीवर प्रत्येकी सव्वीस हजारांहून अधिक रक्कम लोकांनी मोजली. एकूण वाढावा एक कोटीच्या वर गेला. पुढे याच शेअरचा भाव पन्नास हजारांच्या घरात पोचला. त्या वेळी बॅकबेच्या बहुतेक भागात भरतीचे पाणी पूर्वीसारखेच येत-जात होते. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ही म्हण आपण घरगुती भांडणासाठी वापरतो. इथे तुरी पेरायचे शेतच अजून पाण्याखाली होते.

हे लोक वेडे होते काय? प्रेमचंद रायचंद हे या उलाढालीचे सूत्रधार. सुरतेहून आलेले, बुद्धीने तल्लख, आणि ज्यांच्या शब्दावर लाखोंचे व्यवहार होत असे दलाल. त्यांच्या भोवती इंग्रज व्यापारी होते, पारशी शेटिये होते, भाटिये होते, वकील आणि डॉक्टर होते. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्या विद्वान आणि परोपकारी गृहस्थांची कमाईही या सट्ट्यात गेली. यांपैकी कोणालाही मूर्ख म्हणून मोकळे होता येणार नाही. प्रत्येकाजवळ कारण होते, आणि ते कारण चारचौघांत सांगण्यासारखे होते.

खरा घोटाळा जमिनीच्या विचारात नसून पैशाच्या विचारात होता. १८६३ च्या नव्या कायद्याने बँक ऑफ बॉम्बेला शेअर तारण ठेवून कर्ज देण्याची मोकळीक मिळाली. मग चक्र असे फिरू लागले. शेअर गहाण टाकून कर्ज काढायचे, त्या कर्जातून आणखी शेअर घ्यायचे. खरेदीमुळे भाव चढला की तारणाची किंमत वाढली आणि आणखी कर्ज मिळाले. कर्ज देण्यासाठीच नव्या वित्तसंस्था निघाल्या. १८६५ च्या जानेवारीत मुंबईत ३१ बँका, १६ वित्तसंस्था, ८ जमीन-कंपन्या, १६ प्रेस-कंपन्या, १० जहाज-कंपन्या आणि २० विमा-कंपन्या अशी मोजदाद झाली होती. दहा वर्षांपूर्वी अशा सर्व कंपन्या मिळून दहाच्या आसपास होत्या. रोख पैसा न देता पुढच्या तारखेचे वायदेही होऊ लागले, आणि फार मोठ्या वायद्यांच्या पूर्ततेची तारीख ठरली १ जुलै १८६५.

आता हिशेब पाहा. समुद्र भरून जमीन व्हायला, तिच्यावर रस्ते आणि घरे उठायला काही दशके लागणार. कर्ज आणि वायदे मात्र काही महिन्यांचे. दीर्घ मुदतीची वस्तू अल्प मुदतीच्या पैशाने घेतली होती. दगडी इमारत केळीच्या खांबांवर उभारावी तसा हा प्रकार झाला.

९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. ही वार्ता मुंबईस पोचली आणि कापसाचा भाव कोसळला. कापसाच्या व्यापाऱ्याला पैसा हवा झाला, त्याने शेअर विकायला काढले, पण घेणारा कोणी नाही. बँकांनी तारण कमी पडते म्हणून कर्ज मागितले, तेव्हा विकणाऱ्यांची गर्दी आणखी वाढली. १ जुलै उजाडला तेव्हा घेणाऱ्याजवळ पैसा नव्हता आणि देणाऱ्याजवळ धीर नव्हता. पन्नास हजारांचा बॅकबेचा शेअर दोन हजारांच्या आसपास येऊन पडला. बँक ऑफ बॉम्बेचा ५०० रुपयांचा शेअर २,८५० वर गेला होता, तो शेवटी ८७ रुपयांना विकला गेला. दिवाळखोरीचे अर्ज एवढे आले, की सरकारला त्यासाठी खास कायदा करावा लागला. ती जुनी बँक बुडाली, १८६८ साली तिच्या जागी नवी उभी करावी लागली आणि चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. प्रेमचंद स्वतःही नादार झाले. पुढे ते सावरले. विद्यापीठाला त्यांनी तेजीच्या दिवसांत दिलेल्या देणगीतून त्यांच्या मातोश्रींच्या नावाचा राजाबाई मनोरा १८७८ साली पुरा झाला. दिनशा वाच्छा त्या वेळी विशीतले तरुण होते. त्यांनी १९१० साली या प्रकरणावर एक पुस्तक लिहिले. पंचेचाळीस वर्षे उलटल्यावरही हे प्रकरण लिहून ठेवावेसे वाटले, यावरून त्याचा घाव किती खोल होता याची कल्पना यावी.

तिसऱ्या खांबाचे काय झाले तेही पाहू. शहर वाढतच राहणार, हा तो खांब. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली होती. १८७२ च्या शिरगणतीत ती ६,४४,४०५ आढळली. आठ वर्षांत एक लाख बहात्तर हजार माणसे कमी! तेजीच्या दिवसांत कामासाठी आलेले मजूर, गवंडी, कारकून, दलाल काम संपताच आपापल्या गावी परत गेले. तेजीमुळे आलेली वस्ती तेजीबरोबर निघून गेली. शहराची कायमची वाढ आणि तेजीने आणलेली गर्दी या दोन गोष्टी ती गर्दी असेपर्यंत डोळ्यांना सारख्याच दिसतात.

मग जमीन कुठे गेली? बॅकबे कंपनी बुडाली, पण तिने भरलेली अरुंद पट्टी राहिली. तिच्यावरून रेल्वे गेली, क्वीन्स रोड गेला. एल्फिन्स्टन कंपनीची मिळकत सरकारने विकत घेतली, १८७३ साली पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला आणि १८८० साली प्रिन्सेस डॉक खुला झाला. म्हणजे जमीन खरोखरच कुठे गेली नाही. ती आपल्या जागी राहिली. गेले ते तिचे मालक. पहिला खांब शाबूत आहे, एवढेच की तो जमिनीला आधार देतो, जमीन घेणाऱ्याला देत नाही.

आता दुसरी ओहोटी. पहिले महायुद्ध संपल्यावर मुंबईत पुन्हा पैसा आला, पुन्हा घरांची टंचाई झाली आणि पुन्हा सर्वांना बॅकबे आठवला. १८६५ ला तेव्हा पन्नासहून अधिक वर्षे लोटली होती. प्रत्यक्ष पोळलेली पिढी जवळजवळ संपली होती. या वेळी समुद्र भरण्याचे काम खुद्द सरकारनेच हाती घेतले. गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांनी १९२० साली विकास खाते उघडले आणि १,१४५ एकर जमीन आठ भागांत काढण्याचे ठरवले. खर्च आज, जमीन चार-सहा वर्षांनी, आणि त्या वेळचा भाव आजच्यासारखाच असेल, असे गृहीत धरले होते. पण भिंतीतून गाळ वाहून जाऊ लागला, खर्च फुगत गेला आणि तेवढ्यात युद्धोत्तर तेजी ओसरली. मुंबईचे तडफदार वकील खुर्शेद नरिमन यांनी या कारभारावर झोड उठवली. त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला झाला, त्यातून ते १९२८ साली निर्दोष सुटले. १९२६ सालीच चौकशी-समिती बसली होती. आठांपैकी चारच भाग पुरे करून काम थांबले. लॉईडसाहेबांचे खूळ, असे नाव त्या योजनेला पडले.

आणि तरीही मंडळी, त्याच चार भागांपैकी दोन भागांवर आजचा मरीन ड्राइव्ह आहे. १९३० आणि १९४० च्या दशकांत तिथे उठलेल्या इमारतींना दक्षिण मुंबईतल्या अन्य वास्तूंसह २०१८ साली युनेस्कोने जागतिक वारशाचा मान दिला. स्वातंत्र्यानंतर उरलेल्या समुद्रापैकी काही भाग भरला गेला आणि तिथे कचेऱ्यांचे उंच मनोरे उभे राहिले. त्या जागेला नाव मिळाले नरिमन पॉइंट. ज्या गृहस्थांनी या योजनेचे वाभाडे काढले त्यांचेच नाव तिला लाभले. १८६४ सालचा बॅकबेचा भागीदार जर कबरीतून अथवा स्मशानातून उठून आला, तर तो अभिमानाने म्हणेल, "मी सांगितले नव्हते?" आणि ते खरे असेल. त्याची जागेची पारख अचूक होती. तो फक्त सत्तर ते शंभर वर्षे लवकर आला होता, आणि कर्ज काढून आला होता.

तिसरी ओहोटी आपल्यापैकी पुष्कळांच्या आठवणीतली आहे. १९९१ नंतर परदेशी कंपन्या मुंबईत येऊ लागल्या, कचेऱ्यांना जागा अपुरी पडली आणि १९९५ च्या सुमारास नरिमन पॉइंटची गणना जगातल्या अत्यंत महाग जागांत होऊ लागली. मग भाव उतरले आणि कित्येक वर्षे सावरले नाहीत. चढ्या भावाला कंटाळलेले व्यवसाय वांद्रे-कुर्ला संकुलाकडे आणि बंद गिरण्यांच्या आवारांकडे वळले. १८६४ साली जे समुद्राने केले तेच या वेळी मिठी नदीकाठच्या दलदलीने आणि परळच्या गिरण्यांनी केले. भाव चढला आणि पर्याय निर्माण झाला.

आता चौथा खांब राहिला. भाव उतरला तर आपण थांबू. जागेच्या मंदीचे एक वैशिष्ट्य असे, की ती पुष्कळदा मंदीसारखी दिसतच नाही. शेअरचा भाव रोज छापून येतो, म्हणून तो पडल्याचे लपत नाही. जागेचा भाव मालकाच्या मनात असतो. गिऱ्हाईक कमी देऊ लागले तर मालक विकत नाही आणि "भाव पडला नाही, सध्या गिऱ्हाईक नाही" असे म्हणतो. अमेरिकेतल्या बोस्टन शहरात १९९० च्या दशकातल्या मंदीचा अभ्यास जेनेसोव्ह आणि मेयर या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी केला, तेव्हा असे दिसले, की ज्यांनी चढ्या भावात घर घेतले होते ते तशाच दुसऱ्या घराच्या मालकांपेक्षा अधिक किंमत मागत आणि अधिक काळ ताटकळत. बाजाराला त्यांच्या खरेदीखतावरच्या आकड्याशी काही देणेघेणे नव्हते, पण त्यांच्या मनाला होते. तोटा कबूल करणे जिवावर येते. म्हणून जागेच्या मंदीत आधी व्यवहार थांबतात, मग भाव उतरतो. आणि ज्यांना थांबणे परवडत नाही, म्हणजे ज्यांच्या दाराशी हप्ता येऊन उभा असतो, ते विकतात तोच खरा भाव ठरतो.

थांबायचे तरी किती? जपानात युद्धोत्तर काळात जमिनीचा भाव कधीच पडत नाही असे सर्वजण मानीत. १९९१ च्या सुमारास तो शिखरावर होता. नंतर सहा मोठ्या शहरांतल्या व्यापारी जागांचा भाव पंधरा वर्षांत पाचव्या हिश्शाच्याही खाली आला. चाळिशीत जागा घेतलेला माणूस वाट पाहता पाहता म्हातारा झाला. अॅमस्टरडॅम शहरात हेरेनग्राख्त नावाच्या कालव्याकाठी श्रीमंतांची घरे आहेत. १६२८ ते १९७३ या काळातल्या त्यांच्या किमती आइखहोल्ट्झ या संशोधकाने मांडल्या आहेत. महागाई वजा करता साडेतीनशे वर्षांत त्या जेमतेम दुप्पट झाल्या. जागा चांगली, शहर नामांकित, आणि तरी वाढ एवढीच! अमेरिकेत २००६ नंतर साऱ्या देशाची सरासरी घरकिंमत सहा वर्षांत चौथ्या हिश्शाहून अधिक उतरली, आणि त्या धक्क्याने २००८ साली जगातल्या बँका हादरल्या. त्यापूर्वी साऱ्या देशात एकाच वेळी घरांचे भाव पडणार नाहीत, असे तिथले तज्ज्ञ ठामपणे सांगत होते.

यावर पैसेवाल्यांतले काही चतुर लोक पंचांग काढून बसतात. शिकागोच्या होमर हॉइट यांनी १९३३ साली त्या शहराच्या शंभर वर्षांच्या जमीनभावांचा इतिहास प्रसिद्ध केला. त्यात तेजीची शिखरे १८३६, १८५६, १८७२, १८९० आणि १९२५ अशी आली. यावरून दर अठरा वर्षांनी मंदी येते असे सूत्र पुष्कळांनी काढले. पण त्याच यादीतले शेवटचे अंतर पस्तीस वर्षांचे आहे. एवढ्या फरकाने चुकणाऱ्या पंचांगावर मुहूर्त काढणाऱ्याला आपण काय म्हणावे? या यादीतून घेण्याजोगा बोध वेगळा आहे. दोन मंदींमधले अंतर बहुधा एवढे असते, की मागची मंदी पाहिलेले लोक निवृत्त झालेले असतात आणि कर्ज देणारे व घेणारे दोघेही नवे असतात.

म्हणून मंदीविषयी विचार करणाऱ्या जमीनदारांचे मला तीन वर्ग दिसतात. मंदी येणारच नाही असे म्हणणारा पहिला. ती कधी येणार हे मला कळते असे म्हणणारा दुसरा. आणि ती केव्हाही येवो, आली तर मला विकावे लागू नये एवढी तजवीज करणारा तिसरा. बॅकबेच्या तिन्ही ओहोट्यांत टिकला तो हा तिसरा. त्याला भविष्य दिसत नव्हते. त्याच्या डोक्यावर दुसऱ्याचा पैसा कमी होता आणि हातात वेळ अधिक होता, एवढेच त्याचे भांडवल.

समोर बसलेल्या आपणा मंडळींपैकी बहुतेक जण सट्टेवाले नाहीत, हे मी जाणतो. कोणी वडिलोपार्जित वाडा बांधकामाला द्यावा की नाही या विवंचनेत असेल, कोणी मुलाच्या नावाने सदनिका घेण्याच्या बेतात असेल. एक सदनिका राहायला घेतली, तर भाव पडला तरी छप्पर डोक्यावर राहते. हप्ता पगारात बसत असेल तर मंदी आली आणि गेली हे वर्तमानपत्रातूनच कळते. पण त्याच पगारावर दुसरी, आणि दुसरीच्या चढत्या किमतीवर तिसरी सदनिका घेणारा गृहस्थ नकळत १८६४ च्या रांगेत जाऊन उभा राहतो. साठेखतावर सही करण्यापूर्वी एकच प्रश्न स्वतःला विचारावा. ही जागा दहा वर्षे विकली गेली नाही, भाड्यानेही गेली नाही, तर माझ्या घरची चूल पूर्ववत चालेल काय? उत्तर होकारार्थी असेल तर जागा खुशाल घ्यावी. नकारार्थी असेल तर दलालाने सांगितलेला भाव कितीही स्वस्त असो, तो आपल्याला महाग आहे.

संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर शेकडो माणसे बसलेली असतात. भेळ खातात, समुद्र पाहतात. त्यांच्या पायाखालची जमीन कधीकाळी पाण्यात होती आणि तिच्यापायी किती घरे बुडाली, हे त्यांना माहीत नसते, आणि माहीत असण्याचे कारणही नाही. पुढच्या वेळी आपण तिथे गेलात, तर क्षणभर त्या जमिनीकडे पाहावे. ती कुठेही गेलेली नाही.